म्हापशाच्या बाजारासाठी रविवार नको, शुक्रवारची रजा काढा

शुक्रवारी रात्री मुंबईहून गाडीने निघायचे, शनिवारी सावंतवाडीच्या आसपासचे आडरस्ते निवांत फिरायचे आणि रविवारी सकाळी म्हापशाचा बाजार करून परतायचे, हा आपला बेत वाचताना माझा स्वतःचाच जुना बेत कोणीतरी पुन्हा लिहून काढला आहे, असे वाटले. गाडी, मुक्काम, पाऊसपाणी यांविषयी आपल्याला ठाऊक असेलच, म्हणून मी केवळ त्या रविवारविषयी लिहितो.

निघण्यापूर्वी मी एका माहिती केंद्रात दूरध्वनी करून म्हापशाचा बाजार कोणत्या दिवशी असतो, असे विचारले होते. पलीकडच्या गृहस्थांनी ‘रोजच असतो’ एवढेच सांगून फोन ठेवला. त्यांचे उत्तर अगदीच खोटे नव्हते, कारण पक्की दुकाने आठवड्यातील बहुतेक दिवस उघडी असतात. परंतु ज्याच्यासाठी पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून जावे, तो गावोगावच्या बायका टोपल्या घेऊन येऊन बसतात तो बाजार शुक्रवारचा. दिवस मे महिन्याचे होते. पावसाळ्यापूर्वीची बेगमी, ज्याला गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात, तिची आईने करून दिलेली यादी माझ्या खिशात होती: हरमलची मिरची, आमसुले, सुके बांगडे आणि जमल्यास मयड्याची केळी. रविवारी सकाळी तेथे पोहोचलो, तर ओळीने खाली ओढलेली शटरे आणि रिकामे ओटे. पुढे त्या केंद्राला मी सविस्तर पत्र लिहिले. त्याचे उत्तर म्हणून समुद्रकिनाऱ्यांची रंगीत पुस्तिका आली. चूक माझीही होती, कारण ‘आठवडी बाजार’ हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. पण बाजाराविषयी विचारणाऱ्याला उलट एक प्रश्न विचारण्याचे कष्ट माहिती देणाऱ्याने घेऊ नयेत, हे मला आजही पटत नाही.

सीमेच्या अलीकडे, सिंधुदुर्गातही तीच गत आहे. मालवणचा आठवडी बाजार सोमवारी, सावंतवाडीचा मंगळवारी, कुडाळचा बुधवारी. म्हणजे नोकरदाराच्या सुट्टीशी यांपैकी एकाचाही मेळ बसत नाही. म्हणून माझे मत, थोडे हट्टी वाटले तरी, असे आहे की रविवारचा नाद सोडून शुक्रवारची रजा काढावी, गुरुवारी रात्री मुंबईहून सुटणाऱ्या कोकणकन्येने निघून सकाळी थिवीला उतरावे आणि तेथून दहा-बारा किलोमीटरवरचे म्हापसे गाठावे. रात्रभर गाडी हाकून आलेला माणूस आडरस्ते पाहत नाही, फक्त डुलक्या आवरतो. गाडी तेथेच भाड्याने घेणार असाल, तर काळ्या नंबरपाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच, म्हणजे भाड्याने देण्याचा परवाना असलेलीच घ्या आणि ती महाराष्ट्रात नेण्यास मालकाची हरकत नाही ना, हे आधी विचारा.

मग शनिवार पूर्ण मोकळा राहतो. म्हापशाहून शिवोली, हरमल करत केरीपर्यंत यावे, फेरीबोटीने तेरेखोलची नदी ओलांडावी आणि रेडी, शिरोडा, मळेवाड या रस्त्याने सावंतवाडीला पोहोचावे. पलीकडच्या तीरावरचा तेरेखोलचा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला, म्हणून नदी ओलांडल्यावरही थोडा वेळ आपण गोव्यातच असतो. सावंतवाडीत चितार आळीतील लाकडी खेळणी घ्यावीत, मात्र रंग हाताने दिलेला आहे का, हे निरखून.

सणासुदीला बाजाराचे वार मागेपुढे होऊ शकतात, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबून रजेचा अर्ज देऊ नका. ज्या घरी उतरणार असाल, तेथील यजमानांना ‘आठवडी बाजार’ असा स्पष्ट शब्द वापरून विचारा. फेरीबोटीची शेवटची वेळ मात्र धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसालाच विचारावी. मी तरी असले काही आता दूरध्वनीवरून विचारत नाही.