शेवग्याच्या बियांनी पाणी निवळेल, तरी उकळायचंच

प्रश्न: पावसाळ्यात आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी चहासारखं गढूळ येतं. आई म्हणते, गावी पाण्यात शेवग्याचं बी कुटून घालायचे. तसं केलं तर आणखी काही करायची गरज नाही ना? घरात दोन वर्षांची मुलगी आहे.
– एक वाचक, धायरी

उत्तर: आईंचं बरोबर आहे. शेवग्याच्या बीमधल्या प्रथिनांवर धनभार असतो, गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋणभार. दोन्ही एकमेकांना धरतात, गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. तुरटीही गाळ साधारण असाच बसवते.

बी मात्र झाडावर वाळून तडकलेल्या शेंगेचं हवं. मंडईतल्या कोवळ्या शेंगांचं चालत नाही, आणि पेरणीसाठी विकतात ते तर मुळीच नको, त्याला औषध चोळलेलं असू शकतं. साल काढून पांढरा गर कुटा. दहा लिटरला पाच बिया, फारच गढूळ असेल तर दहा. पूड वाटीभर स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं घुसळून फडक्यातून गाळा आणि ते दुधट पाणी बादलीत ओता. मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटं अगदी हळू ढवळा. या हळू ढवळण्याचा लोकांना कंटाळा येतो, पण गुठळ्या तेव्हाच मोठ्या होतात. दोन तास बादली हलवू नका. वरचं पाणी अलगद काढून सुती कापडातून गाळा.

आता मुलीबद्दल. धायरी वाचलं आणि मला २०२५ चा जानेवारी आठवला. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या गिलन-बारे सिंड्रोम या आजाराचे, रुग्ण वाढत होते, दूषित पाण्याचा संशय होता. मी पाणी तपासण्याच्या कामातून निवृत्त झालेली, म्हणून ओळखीचे लोक बाटल्या भरून आणत. बहुतेक पाणी काचेसारखं नितळ होतं, आणि त्यातल्या काहींत क्लोरीनचा मागमूसही नव्हता. त्या आयांना मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. गाळाबरोबर बरेच जंतू खाली जातात, सगळे जात नाहीत. निवळलेलं पाणी खळखळून उकळा, झाका, त्याच दिवशी संपवा. बियांचा अंश पाण्यात उरतो, जास्त ठेवलं तर त्यावर जंतू पुन्हा वाढतात.

बोअरच्या पाण्यातले क्षार शेवग्याने जातील असं समजू नका. वास येत असेल तर नारळाच्या करवंटीच्या सक्रिय कोळशाचं कार्ट्रिज उपयोगी पडतं, तेही वेळेवर बदललं तरच. घरच्या चुलीतला कोळसा ते काम करत नाही.

कुणी निवळीचं बी सुचवेल. घागरीला आतून ते घासायची रीत खरीच जुनी आहे, पण निवळी ही विषारी कुचल्याची सख्खी बहीण. ओळख पक्की नसताना बाजारातून आणू नका.

आणि टँकरवाल्याला पाणी कुठून भरतो ते विचारा. सोसायटीच्या टाकीत क्लोरीन कोण टाकतं, किती टाकतं, हेही या आठवड्यातच विचारून घ्या.