कोलोनला मुक्काम आहे, पण गाडी चालवता येत नाही. आसपासची रेल्वेची ठिकाणे पाहता येतील का, की चालकासह गाडी भाड्याने घ्यावी?

पाहता येतील, आणि गाडी मुळीच घेऊ नये. मलाही गाडी चालवता येत नाही, आणि त्यावरून माझ्या साडूंनी मला जे काही ऐकवले आहे त्याचा हिशेब अजून पुरता चुकता झालेला नसल्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमची दोन्ही कुटुंबे उन्हाळ्यात कोलोनला उतरली होती. मला दोनच गोष्टी पाहायच्या होत्या. पहिली म्हणजे वुपर नदीच्या खोऱ्यावरचा, 1897 साली खुला झालेला, 107 मीटर उंचीचा म्युंगस्टेनचा पूल, जो जर्मनीतील सर्वांत उंच रेल्वे पूल आहे; आणि दुसरी म्हणजे वुपरटालची श्वेबेबान, जी 1901 पासून बराचसा मार्ग नदीच्या पात्रावरून, रुळाला लटकत धावते. ‘असल्या आडवाटेच्या जागा गाडीशिवाय होत नाहीत,’ असे साडूंनी जाहीर केले, गाडी भाड्याने घेतली, आणि मी मुकाट्याने मागे बसलो. दरीत गाडी लावून आम्ही मान वर करून उभे राहिलो, एक आगगाडी पुलावरून सरकत गेली, आणि ‘झाला ना पाहून?’ म्हणत साडू निघालेसुद्धा. पुढे वुपरटालच्या फोविंकेल भागात, जिथे श्वेबेबान नदी सोडून थेट रस्त्यावरून जाते, तिथे आम्ही वाहनांच्या रांगेत अडकलो. दोन सिग्नल पार होईपर्यंत डोक्यावरून चार गाड्या निघून गेल्याचे मी मोजले. गाडी लावायला जागा मिळाली नाही आणि श्वेबेबानमध्ये पाऊल न ठेवताच आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी मी आणि पत्नी आगगाडीने गेलो. कोलोनहून झोलिंगनला पोहोचून एस-7 ही उपनगरी गाडी घेतली आणि पुलाच्या अलीकडच्या शाबेर्ग थांब्यावर उतरलो. पायवाटेने दरीत जाऊन पूल खालून मनसोक्त पाहिला, पुन्हा वर येऊन पुढची गाडी पकडली आणि तोच पूल वरून ओलांडला. पुढे ओबरबार्मेनला उतरून श्वेबेबानचा 13.3 किलोमीटरचा संपूर्ण मार्ग अर्ध्या तासात, टोकापासून टोकापर्यंत केला. ते दुसरे टोक म्हणजेच फोविंकेल, आणि आदल्या दिवशीची रांग खाली जशीच्या तशी उभी होती. तिथून आगगाडीने थेट कोलोन. भाड्याची गाडी जिथे लावली तिथेच परत यावे लागते, त्यामुळे असा पुढे पुढे सरकणारा दिवस तिच्या नशिबी नसतो, ही साधी गोष्ट साडूंना आजही पटलेली नाही. ही लटकती रेल्वे ज्यांच्या कल्पनेतून उतरली ते कोलोनचे ऑयगेन लांगेन हे इंजिनवाल्या निकोलाउस ओटोंचे 1864 पासूनचे भागीदार होते. म्हणजे मोटारीच्या इंजिनाचा पूर्वज ज्या कारखान्यात घडला, त्याच्याच मालकाला शहरासाठी रेल्वे सुचली. हे मी साडूंना दोनदा सांगितले आहे.

खुद्द कोलोनमध्ये होहेनझोलर्न पूल स्थानकाला लागूनच आहे. रोज बाराशेहून अधिक गाड्या त्यावरून जातात. पायी पलीकडच्या डॉइट्झ काठावर जाऊन मागे वळून पाहावे, म्हणजे पूल, स्थानक आणि कॅथेड्रल एकाच नजरेत येतात. बोखुम-डालहाउझेनचे रेल्वे संग्रहालयही चांगले आहे, पण ते रोज उघडे नसते, तेव्हा वार पाहूनच बेत करावा.

तिकिटापुरते सांगायचे तर, डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभरच्या स्थानिक वाहतुकीचे मासिक तिकीट, वरील सर्व गाड्यांना आणि श्वेबेबानलाही चालते, आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना मात्र नाही. ती दरमहाची वर्गणी असल्यामुळे महिन्याच्या 10 तारखेपूर्वी रद्द करण्यास विसरू नये. शाबेर्गची चढण दमवणारी आहे. बरोबर गुडघेदुखीचे कोणी असल्यास दरीपर्यंत गाडीच बरी, एवढे साडूंचे मला मान्य करावे लागते. श्वेबेबान कधीकधी दुरुस्तीसाठी बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. आणि चढल्यावर शेवटच्या काचेजवळची जागा धरावी, कारण चालक फक्त पुढच्या टोकाला असतो आणि मागे सरत जाणारी नदी तिथूनच पूर्ण दिसते.