थंडीची लाट आली की गव्हाची आणि मक्याची वाढ का थांबते? (नागपूर)

गहू थांबत नाही, सावकाश होतो. मका मात्र खरंच अडतो.

पानं ऊन झेलतात, त्या कामाला थंडीचा फारसा फरक पडत नाही. पण त्या उर्जेतून साखर तयार करणारी विकरं (एन्झाइम) थंडीत मंदावतात. नागपुरात जानेवारीत लाट आली की रात्री पारा ७-८ अंशांवर आणि सकाळी आकाश निरभ्र, लख्ख ऊन. म्हणजे माल येतोय पण गिरणी धीमी! उरलेली ऊर्जा हरितद्रव्याच्या यंत्रणेलाच इजा करते. मका-ज्वारीची पानं फिकट, पिवळसर दिसतात ती बहुधा यामुळे. ही मुळात उष्ण प्रदेशातली पिकं, साधारण ८-१० अंशांखाली त्यांची वाढ जवळपास बंदच.

गव्हाची गोष्ट वेगळी. त्याची वाढ शून्याच्या आसपास थांबते. एक नवं पान यायला ढोबळमानाने १०० अंश-दिवस (रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज) लागतात: दिवसरात्रीची सरासरी २० असेल तर ५ दिवस, १६ असेल तर ६ च्या वर. पान आखूड पण जाड, गडद निघतं. कांडी धरेपर्यंत गव्हाचा वाढबिंदू (जिथून नवी पानं निघतात तो कोंब) जमिनीलगत असतो, म्हणून हवेपेक्षा मातीचं तापमान महत्त्वाचं. कोरडी माती रात्री लवकर गार पडते, तेव्हा लाटेआधी हलकं ओलित करा.

पिवळेपणा पाहून लगेच युरिया टाकू नका, गार मातीत मुळं तो नीट उचलत नाहीत. आणि गव्हाला थंडी हवीच असते. आपल्याकडे त्याचं खरं नुकसान फेब्रुवारीतली लवकर आलेली उष्णता करते.