दिसते तेच नाव टंकूनही फाइल सापडत नसेल, तर तिचे नाव कसे बदलावे?

'उताऱ्याची_प्रत' ही फाइल लिनक्समधील एलएस या आज्ञेने दाखवलेल्या यादीत दिसते, पण तेच नाव हाताने टंकून नाव बदलणारी एमव्ही ही आज्ञा चालवल्यास अशी फाइल नाही असे उत्तर येते, ही आपली अडचण आहे. लिनक्स फाइलचे नाव बाइटांची ओळ म्हणून साठवते. त्या ओळीत तिरपी रेघ आणि शून्य बाइट एवढे दोन वगळता काहीही चालते, आणि जुळणी बाइटला बाइट लावून होते. मराठीतला 'ऱ्या' टंकण्याच्या मात्र एकाहून अधिक रीती आहेत. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह देतो. पडद्यावर दोन्ही नावे सारखीच उमटतात.

खात्री करायची असल्यास एलएसचे उत्तर पाइपने, म्हणजे दोन आज्ञा जोडणाऱ्या उभ्या रेघेने, बाइट उलगडून दाखवणाऱ्या 'ओडी -सी'कडे द्यावे. त्यात ३४२ २०० २१५ हे तीन आकडे लागोपाठ आले, तर ते चिन्ह नावात आहे.

नाव बदलताना जुने नाव टंकूच नये, हे उत्तम. 'एलएस -आय' दिल्यावर प्रत्येक नावाआधी आयनोड क्रमांक, म्हणजे फाइल ओळखण्याचा अंतर्गत क्रमांक, येतो. तो ४१२३०५ आहे असे धरले, तर आज्ञा अशी होईल (अर्थात ती रोमन अक्षरांत टंकावी):

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनम ४१२३०५ -एक्झेक एमव्ही -आय {} नवे_नाव \;

शोध याच फोल्डरपुरता ठेवणारे मॅक्सडेप्थ गाळू नये, कारण खालच्या एखाद्या फोल्डरवर डिस्कचे दुसरे विभाजन माउंट केलेले, म्हणजे जोडलेले, असल्यास तिथे तोच क्रमांक वेगळ्याच फाइलचा असू शकतो. एमव्हीपुढील -आयमुळे नव्या नावाची फाइल आधीच असल्यास ती पुसण्यापूर्वी विचारणा होते. 'उता*' असे तारांकन वापरूनही काम भागते, परंतु एकसारखी दिसणारी दोन नावे शेजारी असताना मी आयनोडवरच विसंबतो.

अशा फाइली शेकड्याने असतील, तर ते अदृश्य चिन्ह नुसते काढून टाकण्याचा मोह आवरावा. मी एकदा तसे केले आणि साऱ्या नावांत 'उतार्याची' असा रफार चढला. र, हलन्त आणि ते चिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालणे, हाच बदल योग्य आहे. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेतील रिनेम ही आज्ञा तो एका ओळीत करते. आधी तिला -एन देऊन कोणती नावे कशी बदलतील एवढेच पाहून घ्यावे. फेडोरा आणि डेबियन हे लिनक्सचे दोन प्रकार; फेडोरावर रिनेम या नावाची आज्ञा मुळातच वेगळी असून तिची मांडणीही निराळी आहे, तेव्हा डेबियनसाठी लिहिलेली ओळ तिथे जशीच्या तशी चालवू नये.