यकृतात हायडॅटिड गाठ निघाली आहे. सुईने पाणी काढून का तपासत नाहीत? ऑपरेशन करावंच लागतं का?

सुई आंधळेपणाने टोचायची नाही, हे सर्वांत महत्त्वाचं. गाठीतलं पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, शिवाय त्यातल्या अळ्यांपासून नव्या गाठी तयार होतात. हायडॅटिड गाठ म्हणजे एकायनोकोकस या कुत्र्याच्या फीतकृमीची (फितीसारख्या जंताची) अळी-अवस्था. निदान मुख्यतः सोनोग्राफीवर होतं; आत छोट्या पिल्लगाठी किंवा गाठीचा आतून सुटलेला पडदा दिसला की शंका फारशी उरत नाही. रक्ततपासणी मदत करते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं समजू नका.

ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही. सोनोग्राफीत गाठ कशी दिसते त्यावरून केलेल्या सीई १ ते सीई ५ या वर्गीकरणातल्या ४ आणि ५ प्रकारच्या गाठी निष्क्रिय असतात. त्रास नसेल तर फक्त लक्ष ठेवतात. लहान गाठींना अनेकदा अल्बेंडाझोल हे जंतांवरचं औषध पुरतं. काही गाठींत याच औषधाच्या संरक्षणाखाली, सोनोग्राफीत बघत सुईने पाणी काढून अळ्या मारणारा द्राव सोडतात. फुप्फुसातल्या गाठीला मात्र हे करत नाहीत.

मोठी, पिल्लगाठींनी भरलेली, फुटण्याच्या बेतातली किंवा पित्तनलिकेत उघडलेली गाठ असेल तर शस्त्रक्रियाच. भोवती तीव्र मिठाच्या पाण्यात भिजवलेले कपडे ठेवून गाठ काढतात. पित्तगळती शोधून टाके घालणं इथे फार मोलाचं. नंतर काही वर्षं सोनोग्राफी चुकवू नका, गाठ परत येऊ शकते.