इंग्रजी स्वर शिकवायला घेताय? आधी कान तयार करा

नवीन बॅच सुरू करताय, तर पहिल्याच दिवशी फळ्यावर ए, ई, आय, ओ, यू लिहू नका. अक्षरं 5, पण ब्रिटिश प्रमाण उच्चारात स्वर 20च्या आसपास. मुलं अक्षरालाच आवाज समजून बसली की मग ते सोडवत नाही. सुरुवातीला नुसतं ऐकवा. तुम्ही जहाजाचं ‘शिप’ म्हणा, मेंढीचं ‘शीप’ म्हणा. मुलांनी फक्त बोटं दाखवायची, एक की दोन. फरक कानाला कळला नाही तर तोंडात येणार कुठून? आणि हा फरक निव्वळ ऱ्हस्व-दीर्घाचा नाही. ‘शिप’मध्ये जीभ जरा खाली आणि सैल असते, तेही करून दाखवा.

सोलापुरात एकाच बाकावर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू घरची मुलं बसतात. हे वरदान आहे, खरंच! कन्नड-तेलुगूत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे असतात. त्यामुळे पूर्व भागातल्या तेलुगू घरच्या मुलीला लिहायचं पेन आणि दुखण्याचं ‘पेइन’ यांतलं अंतर चटकन सापडतं. मराठी पोराला तिथे घाम गाळावा लागतो. तिलाच पुढे बोलवा, सगळ्यांना तिचं ऐकू द्या. दुखण्यातला स्वर शेवटी ‘इ’कडे झुकतो, एवढंच तुम्ही जोडा.

‘बॅट’साठी जबडा उघडायला लावा, हातात आरसा द्या.

‘बनाना’चा शेवट मात्र ठणठणीत ‘आ’ नको. तिथे आपला हलका ‘अ’ चालतो. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारा स्वर हाच आहे, त्याला भरपूर वेळ द्या.