स्पॅनिश एकनळीची ओळख आणि किंमत: नळीच्या पोटाखाली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पेनसिल्व्हेनियात शेजारच्या आजींच्या माळ्यावर त्यांच्या यजमानांची जुनी एकनळी सापडली. घोडा बाहेर, १६ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप), नळीवर 'आसेरो कोंप्रिमिदो' आणि 'मेड इन स्पेन', नंबर कुठेच नाही. ही कंपनी कोणती, बंदूक किती जुनी, आजींना किती पैसे मिळतील, आणि विकण्याआधी रेंजवर नेऊन चार बार काढले तर चालतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: आत्ता नाही. कारण पुढे सविस्तर लिहिलं आहे.

'आसेरो कोंप्रिमिदो' ही कंपनी नाही. नळी दाबीव पोलादाची आहे, एवढंच ते सांगतं. अशा बंदुकांवर 'मार्का रेहिस्त्रादा' असंही लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ नोंदणीकृत चिन्ह. अशा शब्दांना कारखान्याचं नाव समजून लोक महिनोन् महिने इंटरनेट धुंडाळतात आणि अर्थातच हाती काही लागत नाही. तुमच्या बंदुकीवर कारखान्याचं नाव नसेल तर नवल नाही. स्पेनच्या बास्क भागातल्या एईबार या डोंगरी गावात बंदुकांचे शेकडो लहान-मोठे कारागीर होते. नळी एकाकडे, दस्ता दुसऱ्याकडे, कळ तिसऱ्याकडे, असा माल तयार व्हायचा आणि विकणारा व्यापारी त्यावर आपल्याला हवं ते नाव ठोकायचा. बिक्तोर सारास्केता, उगार्तेचेआ, १९१५ साली सुरू झालेली आग्विरे इ आरान्साबाल म्हणजेच 'आया', ही नावं दिसली तर आनंदच आहे, पण साध्या एकनळ्यांवर ती क्वचितच दिसतात.

कारखान्यांच्या जुन्या वह्यांची आशाही फारशी धरू नका. स्पेनच्या यादवी युद्धात एप्रिल १९३७ मध्ये एईबारवर बॉम्बफेक झाली आणि गावाचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. पुढे १९८०च्या दशकात तिथले बरेच कारखाने एकत्र करून एक मोठी कंपनी काढली, तीही बुडाली. या दोन्ही वेळी किती पिढ्यांचं काम आणि किती नोंदी गेल्या असतील, याचा विचार केला की मला आजही हळहळ वाटते.

तेव्हा नाव बाजूला ठेवा आणि शिक्के वाचा. पुढचा लाकडी भाग काढला की नळी सुटते. तिच्या पोटाखाली, मागच्या टोकाजवळ आणि ती जिथे बसते त्या लोखंडी खोबणीत एईबारच्या चाचणीगृहाचे बारीक शिक्के असतात. भिंग आणि तिरपा उजेड घ्या. गंज असेल तर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा आणि मऊ कापडाने पुसा. सँडपेपर, तारेचा ब्रश, पॉलिश यांतलं काहीही लावू नका. शिक्का एकदा घासला गेला की बंदुकीची जन्मपत्रिकाच गेली.

काय सापडू शकतं ते सांगतो. १९२७ पासून एईबारमध्ये सालाचं अक्षर ठोकायला लागले. सुरुवात 'ए' पासून झाली आणि वर्णमाला संपल्यावर अक्षरापुढे १ असा आकडा आला. एकटं अक्षर असेल तर बंदूक जुन्या मालिकेतली, अक्षर आणि आकडा असेल तर १९५०च्या दशकातली किंवा नंतरची. १६.८ किंवा त्याच्या आसपासचा आकडा म्हणजे नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. हा फार उपयोगी असतो. आज मोजलेला व्यास त्याहून बराच जास्त भरला तर कुणीतरी खड्डे घालवण्यासाठी नळी आतून घासली आहे आणि तिची भिंत पातळ झाली आहे. कधी कधी किलोमध्ये नळीचं वजनही असतं. चोक, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलेलं आहे, ते छोट्या ताऱ्यांनी दाखवतात: एक तारा म्हणजे फुल (पूर्ण), तीन म्हणजे निम्मा, चार म्हणजे पाव. तारे वाढले की चोक कमी, हे लक्षात ठेवा.

सर्वांत महत्त्वाचा आकडा बोअरशेजारचा. '१६-७०' असेल तर चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) ७० मिलिमीटरचं, म्हणजे पावणेतीन इंची. '१६-६५' असेल किंवा काहीच नसेल तर सावध व्हा. जुन्या १६ बोअरची चेंबरं बहुधा ६५ मिलिमीटरची असत, अमेरिकेतसुद्धा. आज दुकानात मिळणारं १६ बोअरचं काडतूस ७० मिलिमीटरचं असतं, आणि खरी फसगत इथेच होते: ते ६५च्या चेंबरमध्ये आरामात बसतं! कारण ७० हे माप उडालेल्या, तोंड उलगडलेल्या काडतुसाचं आहे. दुमडलेल्या तोंडाचं न उडालेलं काडतूस त्याहून आखूड असतं, म्हणून बंदूक नीट बंद होते आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. बार उडताना तोंड उलगडतं, पण त्याला उलगडायला जागा नसते. ते चेंबरपुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. सध्याच्या अमेरिकन मानकाप्रमाणे १६ बोअरच्या काडतुसाचा कमाल दाब ११,५०० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) असतो. जुन्या, हलक्या, कदाचित आतून गंजलेल्या एकनळीला त्यावरची भर सोसेलच असं नाही. आणि ती बंदूक गालाला लावलेली असते.

म्हणून आधी गनस्मिथ, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा कारागीर. चेंबर मोजायला त्याला काही मिनिटंही लागत नाहीत. त्याच वेळी नळीच्या भिंतीची जाडी, आतले खड्डे, बाहेरून बोटाला लागणारा फुगवटा हेही बघून घ्या. घरी एवढं करता येईल: बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री करा, पुढचा लाकडी भाग काढून नळी बंद करा आणि हलवून बघा. खटखट जाणवली तर बिजागरी झिजली आहे. ६५चं चेंबर निघालं तर अडीच इंची, कमी दाबाची काडतुसं विशेष उत्पादकांकडे मिळतात. चेंबर कोरून वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, नेमकी जिथे जाडी हवी तिथलंच पोलाद त्यात जातं.

नंबर नसल्याने घाबरू नका. अमेरिकेत १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानंतर नंबर आणि आयात करणाऱ्याचं नाव बंधनकारक झालं. दोन्ही नसतील तर बंदूक बहुधा त्याआधीची. पण नंबर मुळात नसणं वेगळं आणि खोडलेला असणं वेगळं. घासल्याची खूण दिसली तर विक्रीचा विचार थांबवून वकिलाला विचारा.

आता एक गोष्ट आपल्या मंडळींसाठी. तुम्ही एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने तुम्हाला बंदूक जवळ बाळगता येत नाही. वैध शिकारीचा परवाना हा मुख्य अपवाद आहे. ग्रीनकार्ड असेल तर ही अडचण नाही. 'मी फक्त आजींना मदत करतोय' हे कारण चालणार नाही, म्हणून बंदूक तुमच्या गाडीतून नेऊ नका. परवानाधारक दुकानदाराला आजींच्या घरी बोलवा किंवा त्यांच्या मुलांपैकी कुणाला नेऊ द्या.

किंमत मनाची तयारी करून ऐका. चालू स्थितीतल्या, नाव नसलेल्या स्पॅनिश एकनळीला अमेरिकेत साधारण शंभर-सव्वाशे डॉलर येतात. ६५चं चेंबर, सैल बिजागरी किंवा फुटलेला दस्ता असेल तर त्याच्या निम्मे. नवी तुर्की एकनळी दीडशे-दोनशेला मिळते, त्यामुळे भाव याच्या फार वर चढत नाही. .४१० किंवा २८ बोअर असती, किंवा चांगल्या कारखान्याचं नाव आणि मूळ रंग शाबूत असता, तर थोडे जास्त. सुटे भाग हाताने बसवलेले असल्याने एक फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) घडवून घ्यायचा खर्चही बंदुकीच्या भावाच्या जवळ जातो. ऑनलाइन लिलावात मागितलेल्या किमती बघू नका, संपलेल्या लिलावांत प्रत्यक्ष किती आले ते बघा. चारशे मागणाऱ्या जाहिराती वर्षभर तशाच पडून असतात.

आजींना पैशांची निकड नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: कुटुंबातल्या कुणाकडे राहू द्या. शंभर डॉलरला गेलेली यजमानांची बंदूक पुन्हा मिळत नाही.

नळीच्या पोटाखालचे शिक्के, खोबणीतले शिक्के, घोड्याची बाजू आणि चेंबरचं तोंड, असे चार फोटो टाका. ते काढायला आजींच्या मुलांपैकी कुणाला सांगा. सालाचं अक्षर दिसलं तर वर्ष मी शोधून देतो.